कल्हई

सातशे अंशांवर भट्टी स्थिरावली की
आधी नायट्रोजन, नळीतली हवा हुसकून लावेपर्यंत.
मग अ‍ॅसिटिलीन, अगदी बारीक,
टोकाच्या पाण्यातले बुडबुडे मोजता येतील इतकंच.
जळायला हवा नसते, म्हणून वायू नुसता तुटतो.
हायड्रोजन निघून जातो
आणि कार्बन लोखंडाच्या कणाला धरून
वाढू लागतो.

सरळ.
अकरा वेळा सरळ.
सूक्ष्मदर्शकाखाली शेवया वाळत घातल्यासारख्या नळ्या,
आणि मला हवी होती वेटोळी.
बागणे मॅडम म्हणायच्या, प्रमाण बदल, तापमान बदल.
मी वही बदलली.

बाराव्या खेपेला बीकर फुटला.
शनिवार, स्टोअरला कुलूप.
लोहाचं नायट्रेट आटवायला
डब्यातली आमटीची वाटी धुऊन घेतली,
पितळी, आतून कल्हईची.
‘मगदूमबाई, हे शोभतंय का?’ दादू बुचडे म्हणाला
आणि त्यानंच हीटरची वायर शोधून दिली.

सोमवारी हसीना मुजावरनं फोकस लावला,
खुर्ची मागं सरकवली.
‘ह्या काय स्प्रिंगा केल्यास गं?’

केसाच्या रुंदीत शेजारी शेजारी पाचशे मावतील
इतक्या बारीक.
काही घट्ट, काही सैल,
एक तर मधेच विसरून सरळ गेलेली.
मी पडद्याकडे बघत राहिले
आणि मला उद्यमनगरचा वास आला,
कटिंग ऑइलचा, अप्पांच्या शर्टाचा.
लेथवरून उतरणारा निळसर छिलका
लहानपणी मी कानात अडकवायचे,
कापायचा.
हा वळतो का? विचारलं होतं.
अप्पा न बघताच म्हणाले होते,
‘एक अंग पुढं पळतंय, एक मागं राहतंय.
वळणारच की.’

तेच. अगदी तेच लिहिलंय पेपरांमध्ये,
फक्त आठ पानं घेऊन:
कणाच्या एका बाजूनं कार्बन झपाट्यानं सुटतो, दुसरीकडून रेंगाळत.
षटकोनांच्या जाळीत मग कुणीतरी चुकतं,
बाहेरच्या अंगाला पंचकोन,
आतल्या अंगाला सप्तकोन,
आणि चूक ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा झाली
की तिला आकार म्हणतात.

पण कणाची एक बाजू मंद केली कुणी?
मूलद्रव्यांच्या आलेखात लोखंडाशेजारी
न बोलावलेलं एक शिखर.
कथील.
‘अशुद्धी,’ मॅडम म्हणाल्या. ‘भांडं बदल.’
काचेत केलं: सरळ.
वाटीत केलं: वेटोळी.
काचेत: सरळ.
वाटीत: वेटोळी, पण थोडी.
पुढच्या खेपेला वाटीच्या तळाशी पिवळं पितळ उघडं पडलं
आणि नळीतून निघाली निव्वळ काजळी,
जी अजून माझ्या नखांत आहे.

मॅडम गप्प होत्या. मग म्हणाल्या,
कथिलाचं क्लोराईड मागवते, शुद्ध, बाटलीतलं.
यायला तीन आठवडे.

तीन आठवडे मला धीर नव्हता.
पापाच्या तिकटीला तीन भांड्यांच्या दुकानांत विचारलं.
‘आता कोण करतंय? स्टील घ्या.’
चौथ्यानं बोट दाखवलं.
बोळाच्या तोंडाशी, बंद शटरला टेकून
रजाक कलईगर, हातभट्टीचा पंखा फिरवत,
समोर एकच पातेलं, तेही लग्नाच्या आचाऱ्याचं.
नवसागराचा पांढरा धूर,
कथिलाची कांडी टेकली न टेकली तोच कापसाचा बोळा फिरला
आणि पितळ चंद्रासारखं वगैरे नाही,
पितळ ओल्या फरशीसारखं लखलखलं.

माझी वाटी त्यानं उलटसुलट केली.
आईचं नाव वाचलं. तळाचे खड्डे बोटानं चाचपले.
‘कशानं खाल्लं हे? ताकानं असं खात नाही.’
म्हटलं, यात लोखंड आटवते, चाचा.
तो हसला नाही. दचकलाही नाही.
निखाऱ्यांवर मूठभर कोळसा टाकून
त्यानं एवढंच विचारलं,
‘रोज, का कधीमधी?’
‘आठवड्यातनं दोनदा.’
‘मग दोन हात देतो,’ तो म्हणाला,
‘बुडाला जाड.’